जमीन घेण्याआधी व्यवहार्यता अहवाल: नागपूर आणि आसपास

काटकोन

समृद्धी महामार्ग सुरू झाला, मेट्रोचा दुसरा टप्पा बुटीबोरीकडे निघाला, हिंगणा तालुक्यात गोधनी-लाडगावला नवीन नागपूर होणार. बातम्या खऱ्या आहेत. पण त्या तालुक्याच्या बातम्या आहेत, खसऱ्याच्या, म्हणजे जमिनीच्या एकेका तुकड्याच्या, नाहीत. तुम्ही विकत घेता तो एक खसरा क्रमांक असतो. त्याला रस्ता आहे का, पाणी कुठून येणार, त्यावर किती बांधता येईल आणि बांधलेलं कोण, कधी, काय भावाने घेईल, हे बातमीत नसतं.

मी स्थापत्य अभियंता आहे. ले-आउट पाडायचा (जमिनीचे प्लॉट करून विकायचे) किंवा अपार्टमेंट बांधायचं ठरवणाऱ्यांसाठी व्यवहार्यता अहवाल, म्हणजे तो व्यवहार परवडतो का याचा लेखी हिशेब, करणं हे माझं काम. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक इसार देऊन झाल्यावर येतात. तोवर निम्मा उपयोग संपलेला असतो, कारण या अहवालाची खरी किंमत तो 'नाही' म्हणू शकतो यात आहे. पैसे अडकल्यावर 'नाही' ऐकायला कोणालाच जमत नाही. माणूस मग अहवालात फक्त स्वतःच्या निर्णयाला आधार शोधतो. म्हणून कळकळीने लिहितोय.

मिहानचं (नागपूर विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी प्रकल्पाचं) नाव निघालं तेव्हा वर्धा रोडला खापरी-जामठ्यापासून पुढे ले-आउटवर ले-आउट पडले. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आल्या, एम्स आलं. म्हणजे अंदाज चुकला असं कोणी म्हणू शकत नाही. चुकला तो काळ. नोकरी आली म्हणून लगेच शेजारच्या मौजात घरं उठत नाहीत. माणूस शाळा, बाजार, पाणी आणि रात्रीची रिक्षा पाहून घर घेतो. त्या ले-आउटमधल्या कितीतरी प्लॉटांवर आजही बाभळी आहेत, आणि घेणाऱ्यांचे पैसे तिथेच बसून आहेत. जागा बरोबर असूनही पाच-सात वर्षांचा फरक माणसाला संपवू शकतो, आणि ते आधी कळायला कागदावर गणित लागतं.

गणितच दाखवतो. सगळे आकडे समजायला घेतलेत, कोणत्या एका व्यवहाराचे नाहीत. समजा अडीच एकर, दीड कोटी रुपये एकर. जमीन झाली पावणेचार कोटीची. अडीच एकर म्हणजे १,०८,९०० चौरस फूट. माणूस भागाकार करतो, ३४४ रुपये फूट येतात, आणि शेजारच्या ले-आउटमध्ये १,२०० चा भाव ऐकला की डोळ्यांपुढे तिप्पट-चौपट पैसे उभे राहतात. पण विकायला १,०८,९०० फूट मिळत नाहीत. आतले रस्ते गेले, दहा टक्के खुली जागा गेली, कडेचे तिरपे तुकडे गेले. आकार बरा असेल तर ५५ ते ६० टक्के हातात राहतं. ६२,००० फूट धरा. आता जमीनच ६०५ रुपये फूट पडली.

त्यावर मुद्रांक शुल्क, ६ टक्के धरलं तर ३६ रुपये. रस्ते, नाल्या, पाण्याची लाइन, ट्रान्सफॉर्मर, मंजुरीची शुल्कं मिळून २५० धरू. पावणेचार कोटींवर १२ टक्के सरळ व्याज म्हणजे वर्षाला ४५ लाख. विक्रीचा पैसा तीन वर्षांनी हातात येतो असं धरलं तर १ कोटी ३५ लाख, म्हणजे २१८ रुपये फूट. दलाली २ टक्के, २४ रुपये. बेरीज १,१३३. विक्री १,२०० ने. हातात ६७ रुपये फूट, एकूण साडेएकेचाळीस लाख, आयकराच्या आधी. आणि एक वर्ष उशीर झाला तर व्याज ७३ रुपये फूट. एका वर्षाच्या उशिरात सगळा नफा गेला आणि वर सहा रुपये घरातून.

हे पाहायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. पण व्यवहार करायला बसलेल्यांपैकी हे कागदावर मांडून आलेला माणूस मला क्वचित भेटतो.

कायदेशीर, तांत्रिक, बाजार आणि पैसा अशा चारही बाजूंनी बोलू. ज्याला जे माहीत आहे त्याने लिहावं.

मनीषनगरवाला

काटकोनभाऊ, अगदी वेळेवर धागा काढलात. आम्ही चार चुलतभाऊ मिळून जामठ्याच्या पुढे आत एक अडीच एकराचा तुकडा पाहून राहिलो आहे. आकडाही तुमच्या उदाहरणाच्या जवळपासच. दलाल म्हणतो यलो बेल्ट (निवासी झोन) आहे, आठ दिवसांत टोकन द्या, रायपूरची पार्टी तयार बसली आहे. अजून एक रुपया दिलेला नाही. कुठून सुरुवात करू? आणि अहवालाला खर्च किती येतो?

काटकोन

रुपया दिला नाही हे फार चांगलं. पूर्ण अहवाल लगेच करू नका, टप्प्याने जा. पहिला टप्पा फक्त कागदांचा आणि पायी फिरण्याचा. त्याला खर्च थोडा येतो आणि बरेच तुकडे तिथेच गळतात. 'यलो बेल्ट' हे तोंडी घेऊ नका. महानगर क्षेत्राचा विकास आराखडा २०१८ मध्ये मंजूर झालेला आहे. एनएमआरडीएकडून (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून) त्या खसऱ्याचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. अर्धा खसरा पिवळा आणि अर्धा हिरवा (शेती झोन) असतो, किंवा मधून आराखड्यातला रस्ता जातो, हे नकाशावरच दिसतं.

पुढचं सातबारा लिहितील, ते वकिली करतात.

सातबारा

नमस्कार. विदर्भात जमिनीचे काही प्रश्न असे आहेत की पुण्या-मुंबईच्या यादीवर विसंबून चालत नाही.

पहिला, झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदींमध्ये झुडपी जंगल म्हणून लिहिलेली जमीन आहे. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच आहे असा निकाल दिला. जागेवर एक झुडूप नसेल, वर्षानुवर्षं पीक घेतलं असेल, तरी नोंद महत्त्वाची. फक्त चालू सातबारा पाहू नका, जुने फेरफार आणि बंदोबस्ताच्या वेळच्या नोंदी मागे जाऊन पाहा.

दुसरा, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाचे वहिवाटीचे हक्क, गुरांचा रस्ता, पाणवठा हे त्यात असतं. तुमच्या खसऱ्यातून गावाची पांदण जात असेल तर ती ले-आउटच्या नकाशातून गायब करता येत नाही. उलटही होतं: तुमचा एकमेव पोच रस्ता ही पांदणच असते आणि तिची रुंदी मंजुरीला पुरत नाही.

तिसरा, धारणाधिकार. भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर नाही. मूळ मालक आदिवासी असेल तर आदिवासींची जमीन इतरांना विकण्यावर बंधन घालणारं जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आड येतं. विदर्भात भूदानाची जमीनही बरीच आहे, ती विकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चौथा, वारस. विशेषतः बहिणी. हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे का, की नुसतं 'त्यांचं काही म्हणणं नाही' असं सांगितलंय? ज्यांचं काही म्हणणं नव्हतं त्यांना ले-आउट विकायला निघाल्यावर म्हणणं सुचतं, आणि कायद्याने ते बरोबरच असतं.

तीस वर्षांचा शोध अहवाल आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस, दोन्ही कराच. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखकडे आजच टाका, त्याला वेळ लागतो.

हिंगणानाका

मी जमिनीच्या दलालीतला माणूस आहो, लपवत नाही. काटकोनसाहेब, तुमचं सगळं बरोबर आहे, पण तुम्ही अभ्यास करून राहता तोपर्यंत जमीन निघून जाते न जी. मालकाले नगद टोकन पाहिजे असते, अहवाल नाही. आणि खरं सांगू, अहवालाले पैसे घेणारे बरेच जण पार्टीले जे पाहिजे तेच लिहून देतात. मंग त्या कागदाचा उपयोग काय?

काटकोन

तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि तो या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. अहवाल कोण करतो यावर त्याची किंमत ठरते. प्रकल्प झाला तर ज्याला नकाशाचं, बांधकामाचं किंवा विक्रीचं काम मिळणार आहे, त्याने अहवाल करू नये. माझा नियम सरळ आहे: ज्या जमिनीचा अहवाल मी करतो तिथलं पुढचं काम घेत नाही. नागपुरात असं काम करणारे आणखीही आहेत. शुल्क ठरलेलं असावं, निष्कर्षावर अवलंबून नसावं, हे लेखी घ्या. आणि अहवालात 'कोणत्या भावाला हा व्यवहार परवडत नाही' हा आकडा स्पष्ट लिहिलेला नसेल तर तो अहवाल परत करा.

जमीन निघून जाण्याबद्दल. घाईचा उपाय आहे. लहान रकमेचं नोंदणीकृत इसारपत्र करा आणि त्यात अट घाला: ठरावीक मुदतीत मालकी हक्क, झोन, मोजणी आणि पोच रस्ता यांत दोष निघाला तर रक्कम परत. ज्या मालकाचे कागद स्वच्छ आहेत तो थोडी कुरकुर करून का होईना, याला तयार होतो. मुळीच तयार नसेल तर त्यातूनही तुम्हाला काहीतरी कळलं.

हिंगणानाका

हे पटलं. मीही चांगल्या पार्टीले अशी अट घालून देतो. फक्त मुदत तीन-तीन महिने मागू नका, मालक उठून जाते.

लेखाताई

मी सनदी लेखापाल आहे, पैशाच्या बाजूने लिहिते. काटकोनदादांच्या गणितात विकासखर्चावरचं व्याज धरलेलं नाही. २५० रुपयांनी ६२,००० फुटांचे १ कोटी ५५ लाख होतात. ते सरासरी दीड वर्ष अडकले तर १२ टक्क्यांनी आणखी २८ लाख, म्हणजे ४५ रुपये फूट. नफा ६७ वरून २२ वर. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण अहवाल वाचताना 'काय धरलं नाही' हे विचारणं ही वाचणाऱ्याची जबाबदारी आहे.

आता पैसा येणार कुठून ते. जमीन खरेदीसाठी खासगी बिल्डरला बँका कर्ज देत नाहीत, रिझर्व्ह बँकेचे निर्देश तसे आहेत. म्हणजे जमिनीचे पैसे स्वतःचे किंवा खासगी उसनवारीचे. खासगी उसनवारी १२ टक्क्यांनी मिळत नाही हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मग वाटतं की बुकिंग घेऊ आणि त्यातून फेडू. तेही करता येत नाही. क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते, प्लॉटच्या ले-आउटलाही, आणि नोंदणीआधी जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही. नोंदणीनंतर आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर, कामाच्या प्रगतीप्रमाणे काढता येतात. हा नियम ग्राहकासाठी उत्तमच आहे. पण म्हणून मंजुरी येईपर्यंतचा सगळा काळ स्वतःच्या खिशावर काढायचा आहे. चौघा भावांनी आधी हे एकमेकांना विचारा: मंजुरीला दोन वर्षं लागली तर प्रत्येकाने किती घालायचे, आणि एखाद्याला मधेच मुलीच्या लग्नाला पैसे लागले तर त्याचा हिस्सा कोण घेणार? हे भागीदारीच्या करारात पाहिजे. जमीन चांगली असूनही भाऊ-भाऊ तुटलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून आग्रहाने सांगते.

नागनदीकाठ

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरात पाणी. हे शहरातले जुने, महागडे भाग. जमीन पाहायला सगळे उन्हाळ्यात जातात, तेव्हा नाला म्हणजे एक कोरडी घळ दिसते. पोरा नदीच्या, पिवळी नदीच्या काठचे कितीतरी प्लॉट असेच विकले गेले. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपला खसरा त्यांच्या कोणत्या बाजूला आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाणी कुठपर्यंत येते. तो बांधावर बोट ठेवून दाखवतो.

काटकोन

पुराबरोबर मातीचंही सांगतो. नागपूरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला बेसाल्ट खडक आणि त्यावर काळी कापसाची माती, पूर्वेकडे जुने स्फटिकी खडक. शहर एकच, पण पाया टाकण्याचा खर्च एका टोकापासून दुसऱ्या टोकाला वेगळा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. साध्या पायावर भिंतींना तडे जातात, कुंपणाच्या भिंती कलतात, ले-आउटचे डांबरी रस्ते दोन पावसाळ्यांत फुटतात. खडक पाच फुटांवर लागतो की पंधरा, हे ठिकठिकाणी खड्डे घेऊन आधी पाहिलं तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी रुंद केलेले पायाचे खोल खांब) लागतील का, रस्त्याखाली मुरूम किती भरावा लागेल, हे खर्चात धरता येतं. मातीच्या तपासणीचा खर्च एकूण रकमेपुढे किरकोळ असतो. तरी लोक ती जमीन घेतल्यावर करतात, का ते मला आजवर कळलेलं नाही.

पाणीही असंच. शहरात पेंचचं पाणी आहे. मनपाच्या हद्दीबाहेर बोअर आणि टँकर. एप्रिल-मे मध्ये शेजारच्या विहिरीत डोकावून या.

गोधनीकर

आमचा प्रश्न थोडा वेगळा. आईच्या नावावर झिंगाबाई टाकळीत जुन्या घराचा प्लॉट आहे. एक बिल्डर म्हणतो, तुम्ही जमीन द्या, मी बांधतो, निम्मे-निम्मे फ्लॅट. आमचा एक पैसा लागणार नाही. मग आम्हाला असा अहवाल कशाला?

सातबारा

पैसा लागत नाही, जमीन लागते, आणि ती परत मिळवणं पैशापेक्षा अवघड. आधी प्लॉट कशात बसतो ते पाहा. नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजवरचा आहे, की गुंठेवारी कायदा २००१ खाली नियमित झालेला आरएल (रिलीज लेटरचा) प्लॉट, की एनए-टीपी (अकृषक आणि नगररचना) मंजूर ले-आउटमधला? तिन्हींचे कागद आणि परवानग्या वेगळ्या. आरएल पत्र असेल तर त्यावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळतं का ते मोजा.

काटकोन

आणि बिल्डर 'निम्मे' म्हणतो ते कशाच्या निम्मे? डिसेंबर २०२० पासून एकीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१, त्यावर प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा) आणि टीडीआर (विकत घेतलेला विकास हक्क) रस्त्याच्या रुंदीप्रमाणे, आणि या सगळ्यावर निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय, तोही शुल्क भरून. समोरचा रस्ता ९ मीटर किंवा त्याहून रुंद असणं-नसणं यावर चित्रच पालटतं. तुम्हाला मूळ एफएसआयचे निम्मे देऊन वरचा सगळा बिल्डरकडे राहील असा करार सहज होऊ शकतो, कारण तुम्हाला वरचा किती आहे हेच माहीत नसतं. तुमच्यासाठी अहवाल म्हणजे एवढंच: या प्लॉटवर जास्तीत जास्त किती बांधता येतं, त्याला खर्च किती, विकून किती येतात, आणि त्यात जमिनीचा रास्त वाटा किती. तो निम्म्याहून जास्त निघू शकतो, कमीही निघू शकतो. कमी निघाला तर बिल्डर जास्त देऊन राहिला आहे का, की काम मधेच सोडणार आहे, हाही विचार करा. विमानतळाजवळ सोनेगाव-खामला बाजूला असता तर उंचीचं बंधनही पाहायला सांगितलं असतं.

लेखाताई

गोधनीकर, करार नोंदणीकृतच करा. वैयक्तिक मालकाला अशा करारात भांडवली नफ्याचा कर कराराच्या वर्षी न लागता पूर्णत्वाचा दाखला येतो त्या वर्षी लागतो, ही सोय २०१७ च्या वित्त कायद्याने आली. दाखला येण्याआधी आपल्या वाट्याचा हक्क विकून टाकला तर ती सोय जाते. आईंचं वय असेल तर मृत्युपत्र आणि कुलमुखत्यारपत्र यांचाही आत्ताच विचार करा. मुखत्यारपत्र बिल्डरच्या नावे देताना विक्रीचे अधिकार फक्त त्याच्या वाट्यापुरतेच द्या.

गोधनीकर

हे कोणीच सांगितलं नव्हतं ताई. मनापासून आभार. रस्ता मी स्वतः टेपने मोजला, कागदावर ९ मीटर आहे, जागेवर अतिक्रमणामुळे कमी भरतो.

काटकोन

मंजुरीला आराखड्यातली रुंदी पाहतात, पण अग्निशमनाची गाडी जागेवरच्या रस्त्यानेच येते. दोन्ही लिहून ठेवा आणि बिल्डरला त्याबद्दल लेखी विचारा.

मनीषनगरवाला

आम्ही चौघं बसलो काल. झोन दाखल्याचा अर्ज टाकला, सातबारांनी सांगितल्याप्रमाणे जुने फेरफार काढायला दिले. बाजाराचं कसं कळणार? दलाल म्हणतो, १,२०० ने प्लॉट हातोहात जातात.

काटकोन

हातोहात म्हणजे महिन्याला किती, हे विचारा. त्याच पट्ट्यातले चार-पाच ले-आउट निवडा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येकाची नोंदणी, पूर्ण होण्याची तारीख, आणि दर तिमाहीला टाकलेली विक्रीची माहिती असते. नोंदणी कधी झाली आणि आजवर किती विकले, यावरून महिन्याचा वेग काढा. तुमच्या ६२,००० फुटांत दीड हजार फुटांचे चाळीसेक प्लॉट होतील. तिथला वेग महिन्याला एक प्लॉट असेल तर तुम्हाला तीन वर्षांहून जास्त नुसत्या विक्रीलाच लागतात, मंजुरीचा काळ वेगळा. भाव दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदलेल्या दस्तांवरून घ्या. नोंदणी विभागाच्या ई-सर्च संकेतस्थळावर दिसतात. दस्तातला आकडा आणि बोललेला आकडा यांत फरक असतो, पण निदान व्यवहार झाला की नाही ते कळतं. रविवारी संध्याकाळी त्या ले-आउटमध्ये जाऊन किती घरांत दिवे लागतात तेही पाहून या.

मग तीन गणितं मांडा: १,२०० आणि तीन वर्षं, १,१०० आणि चार वर्षं, १,२०० आणि पाच वर्षं. तिन्हींत टिकता येईल असा जमिनीचा भाव काढा. मालकाशी बोलायला बसाल तेव्हा तोच तुमचा आकडा. तो दीड कोटीच्या बराच खाली निघेल असं मला दिसतंय.

मनीषनगरवाला

काल रात्री मांडलं. तुमच्याच पद्धतीने, लेखाताईंचं व्याज धरून. १,१०० आणि चार वर्षांत टिकायचं तर एकराला सव्वा कोटीही जड जातात. मोठा भाऊ गप्प झाला एकदम. मालकाला सशर्त इसारपत्राबद्दल विचारलं, तो 'पाहू' म्हणाला. मोजणीच्या दिवशी आम्ही काय पाहायचं?

सातबारा

शेजारच्या सगळ्या खातेदारांना भूमी अभिलेखची नोटीस गेली आहे का ते आधी पाहा. नसेल तर कोणीही नंतर हरकत घेऊ शकतो. ते हजर असताना हद्दीचे दगड दाखवून घ्या आणि पंचनाम्यावर त्यांच्या सह्या घ्या. पोच रस्ता दुसऱ्याच्या शेतातून जात असेल तर त्या मालकाशी त्याच दिवशी बोला, आणि तो हो म्हणाला तर नोंदणीकृत वहिवाट हक्काशिवाय पुढे जाऊ नका.

हिंगणानाका

मनीषनगरवाले भाऊ, रायपूरच्या पार्टीची चिंता करू नका. सव्वाच्या खाली बोलून पाहा. मालक पहिल्या दिवशी नाहीच म्हणते. दिवाळीनंतर पुन्हा जा.